सौंदर्यस्पर्धेला निघण्याआधी: तोंडाची तयारी

गाऊन, सँडल, मेकअप यांच्या याद्या तुझ्या आईनं आणि मावशीनं मिळून केल्याच असतील. ही यादी बोलण्याची आहे आणि तिची सुरुवात एक जुनी सवय मोडण्यापासून होते. जळगाव-धुळ्याच्या ज्या पोरी माझ्याकडे तयारीला येतात त्यातल्या बऱ्याच जणींनी शाळेत वक्तृत्वस्पर्धा गाजवलेल्या असतात. माइक हाती आला की त्यांचं ‘सन्माननीय व्यासपीठ’ सुरू होतं, आवाज चढतो, एक हात वर जातो. मंचावरच्या उत्तराला मात्र बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आसपासच वेळ मिळतो. तेव्हा फोनवर ३० सेकंदांचा टायमर लाव, पंखा बंद कर (मे महिन्यात भुसावळला पंखा बंद करणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, तरी कर) आणि ओट्यावर शेजारच्या काकूंना सांगतेस तसं उत्तर रेकॉर्ड कर. मग आधी नुसतं ऐक, बघू नकोस. ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ किती वेळा आलं त्याच्या रेघा कागदावर मार. एकीच्या कागदावर अकरा रेघा झाल्या, तेव्हा तीच हसत सुटली. माइक हनुवटीखाली चार बोटांवर धर, आणि चालू आहे का बघायला त्यावर टकटक करू नकोस.

प्रश्न शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायची सवय वेगळी लावावी लागते. २००० सालच्या मिस वर्ल्डमध्ये प्रियांका चोप्राला विचारलं होतं, आज हयात असलेली सर्वांत यशस्वी स्त्री कोण? तिनं मदर तेरेसांचं नाव घेतलं. त्या १९९७ सालीच गेल्या होत्या. मुकुट तिलाच मिळाला, पण तेवढ्या भरवशावर तू राहू नकोस. घरी भावाला प्रश्न विचारायला लाव, प्रश्न संपला की मनात एक श्वास मोज, मगच तोंड उघड. विचित्र मागणीचीही तयारी ठेव. २०२१ च्या मिस युनिव्हर्समध्ये सूत्रसंचालकानं हरनाज संधूला प्राण्याचा आवाज काढायला सांगितला आणि तिनं हसत मांजरीचा काढला.

‘खान्देशाबद्दल सांग’ हा प्रश्न आला की सगळ्या जणी केळी, सोनं, बहिणाबाई अशी माळ ओढतात. एकच धर. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे कोणीही पाठ करून सांगेल. रावेर-यावलकडच्या वादळात रात्रीत आडवी झालेली बाग आणि सकाळी बांधावर नुसते उभे राहिलेले बाबा तू पाहिले असशील, तर ते सांग. बहिणाबाईंच्या दोन ओळी म्हणून टाळ्या घेऊ नकोस. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईची गाणी मुलानं कागदावर उतरवली म्हणून आपल्यापर्यंत आली, एवढं बोललीस तरी परीक्षक मान वर करतील.

उच्चारांवरून मला फार विचारतात. आपल्याकडे ‘केळी’ची ‘केयी’ होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वाक्य स्पष्ट आणि सावकाश आलं की झालं. मिस युनिव्हर्ससारख्या स्पर्धेतही दुभाषी घेता येतो. तुझ्या स्पर्धेत मराठीत उत्तर चालेल का, ते आयोजकांना आधी लेखी विचार. जिंकल्यावर मुलाखती कोणाच्या परवानगीनं द्यायच्या, हेही फी भरण्याआधी करारात वाचून घे.

पत्रकारांची भीती नको, पण गप्पाही नकोत. माझ्या एका विद्यार्थिनीनं ‘आधी घरी थोडी कुरकुर होती’ असं सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी मथळा आला: कुटुंबाचा विरोध झुगारून! वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. कॅमेरा खाली गेला तरी कॉलरचा माइक चालूच असतो, आणि ‘हे छापू नका’ हे बोलून झाल्यावर सांगून उपयोग नसतो. लग्न कधी, सिनेमात जाणार का, घरचे काय म्हणाले, हे तीन प्रश्न येणारच. त्यांची उत्तरं आईवडिलांसमोर बसून ठरव. नको असलेल्या प्रश्नाला ‘त्यावर आज नको, स्पर्धेबद्दल विचारा ना’ असं हसून म्हण. ‘नो कमेंट’ म्हटलंस की काहीतरी लपवतेस असं वाटतं.

परीक्षकांसमोरच्या मुलाखतीत बरेचसे प्रश्न तूच भरलेल्या फॉर्ममधून निघतात. छंद म्हणून ‘वाचन’ लिहिलंस तर शेवटचं पुस्तक कोणतं, हे विचारणारच. त्यावर गप्प बसलेल्या तीन मुली मी पाहिल्यात. वाचत नसशील तर खोड, भरीत चांगलं करतेस ते लिही. तेही विचारतील, पण वांगं भाजण्यापासून तुला सांगता येईल.

निघण्याच्या आदल्या रात्री शेवभाजी नको, घसा बसतो. परत आलीस की खा. फॉर्मची झेरॉक्स पर्समध्ये ठेव, आणि नाव, गाव, तालुका, शिक्षण मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेल्या दहा-बारा चिठ्ठ्याही. पत्रकारांना एकेक दे, म्हणजे आडनाव तरी नीट छापून येईल.