विटांना लोणा लागला तेव्हा

पुण्यात कसब्यातल्या एका वाड्याचा गिलावा कंबरेपर्यंत फुगला होता. पोपडा निघाला तिथे बोट फिरवलं की विटेची लाल पूड हाताला. मालक म्हणाले, "चारच वर्षांपूर्वी सिमेंट केलंय हो!" दुखणं तिथंच होतं. जमिनीतून चढणारी ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंटने ती कोंडली, क्षार विटेतच साचले, हाच लोणा. सगळा गिलावा हलक्या छिन्नीने उतरवला, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली. मग विटांमधल्या दरजा इंचभर कोरून मुरवलेला चुना, वाळू नि सुर्खी (भाजलेल्या विटांची भुकटी) भरली. गूळ-हिरड्याच्या पाण्यासाठी गवंडी हटून बसला, घातलं. आठवडाभर ओलं गोणपाट. दोन पावसाळे झाले, पूड पडत नाही. पायाशी पांढरा थर अजून येतो, तो कोरड्या ब्रशने झाडतो.