गव्हाच्या शेतातील मातीमधली बुरशी ओळखायची तयारी

पुण्याहून शिरूर किंवा बारामतीकडे गव्हाच्या शेतातली माती आणायला निघताना खुरपे, पिशव्या, स्पिरिट आणि पेन्सिल बरोबर असतेच. राहून जातो तो निरोगी भागातील नमुना. पिवळ्या पडलेल्या पट्ट्यातून जितके नमुने घ्याल, तितकेच त्याच शेताच्या हिरव्यागार भागातूनही घ्यावेत. मागच्या रब्बीत हेच राहिले, आणि बुरशी वाढवायच्या प्लेटा फ्युजेरियम या बुरशीने भरूनही काही सिद्ध झाले नाही, कारण फ्युजेरियम निरोगी मातीतही सर्रास सापडते.

पाणी दिल्यावर लगेच जाऊ नये, वाफसा येऊ द्यावा. बांध, झाडाची सावली आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळून, नागमोडी चालत चार-पाच ठिकाणांहून मुळांलगतची 15 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी आणि दर वेळी खुरपे स्पिरिटने पुसावे. सुरुवात निरोगी भागापासूनच करावी, म्हणजे खुरप्याबरोबर रोग तिकडे जात नाही आणि उन्हाच्या घाईत तो नमुना सुटतही नाही. दोन्ही भागांतील रोपे मुळांसकट उपटावीत. खोडाच्या बुडाशी पांढऱ्या तंतूंत मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर स्क्लेरोशियम रोल्फसाय या रोगकारक बुरशीचा संशय शेतातच धरता येतो. माती थंडपेटीत ठेवावी, गाडीच्या तापलेल्या डिकीत कदापि नाही.

प्लेटांत बुरशी वाढवायच्या, मार्टिन यांच्या रोझ बंगाल या रंगद्रव्याच्या माध्यमात लिटरला 30 मिलिग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणू रोखणारे प्रतिजैविक लागते; ते उष्णतेने निकामी होते, म्हणून निर्जंतुक केलेले माध्यम 45 अंशांपर्यंत निवल्यावरच घालावे. प्लेटा अंधारात ठेवाव्यात, कारण उजेडात रोझ बंगाल बुरशीलाच मारक ठरते. प्लेटांवर घालायच्या मातीचे पाण्यात विरळीकरण 1:1000 आणि 1:10,000 असे करावे, आणि निरोगी मातीचेही त्याच दिवशी, त्याच माध्यमावर करावे. उद्यावर ढकललेली तुलना ही तुलना नव्हे. पिथियम या बुरशीसारख्या जीवासाठी वेगळे माध्यम लागते.

तिसऱ्या दिवसापासून रोज पाहावे, नाहीतर ऱ्हायझोपस ही झपाट्याने पसरणारी बुरशी सगळी प्लेट झाकते. सूक्ष्मदर्शकाखाली, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या रंगद्रावणात फ्युजेरियमचे मोठे बीजाणू विळ्यासारखे वाकडे दिसतात, बायपोलॅरिसचे जाड व तपकिरी. ऱ्हायझोक्टोनियाला बीजाणू नसतात, तिच्या तंतूंना काटकोनात फाटे फुटतात. बुरशीच्या जातीबद्दल शंका असल्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत विचारावे, तिथे राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. उरलेली माती 4 अंशांवर ठेवावी, दोन्ही भागांची.