कुकीज पुसूनही जाहिराती पाठ सोडत नाहीत? मग या चुका टाळा

कुकीजबद्दलच्या तक्रारी फिरून फिरून दोनच असतात. ‘सगळं पुसून टाकलं तरी त्याच जाहिराती दिसतात’ ही एक, आणि ‘कुकीज बंद केल्या तर आता कुठेच लॉगिन होत नाही’ ही दुसरी. कुकी कोणाची आहे हे न बघता सगळ्या एकाच माळेचे मणी समजले, की या दोन्ही तक्रारी येतात.

वेब जात्याच विसराळू. एका पानावरून दुसऱ्यावर गेलात की सर्व्हरच्या, म्हणजे साइट चालवणाऱ्या संगणकाच्या लेखी तुम्ही पुन्हा अनोळखी. 1994 साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली यांनी त्यावर कुकीची तोड काढली: सर्व्हरने ब्राउझरकडे छोटासा मजकूर ठेवायला द्यायचा आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक वेळी तो परत दाखवायचा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये (पानाच्या आत डोकावायची सोय) एखादी कुकी उघडून पाहा. तुमचं नाव-गाव त्यात सहसा नसतं. अक्षरं-आकड्यांची एक अगम्य ओळ, ती कोणत्या डोमेनची (साइटच्या पत्त्याची), आणि मुदत कधी संपते, एवढंच. क्रोम ही मुदत 400 दिवसांपुढे जाऊ देत नाही. त्या अगम्य ओळीसमोर तुमच्याबद्दल काय काय नोंदवलंय, ते सगळं कुकी देणाऱ्याच्या सर्व्हरवर असतं.

आता डोमेनचा रकाना बघा. तिथे तुम्ही उघडलेल्या साइटचंच नाव असेल तर ती फर्स्ट पार्टी कुकी. लॉगिन, भाषा, खरेदीची यादी तिच्यावर चालते. भलतंच नाव दिसलं तर पानावर दुसऱ्या कोणाची तरी जाहिरात, व्हिडिओ किंवा डोळ्यांना न दिसणारं एका पिक्सेलचं चित्र आहे. तीच कंपनी हजारो साइटवर बसलेली असेल, तर तुमचा माग जोडत जाणं तिला सोपं. ही थर्ड पार्टी कुकी, आणि आवळायची ती हिचीच नाडी.

सरसकट सगळ्या कुकीज बंद करणं

पासवर्ड बरोबर टाकता, पान क्षणभर लुकलुकतं आणि पुन्हा लॉगिनवरच येतं. सर्व्हरने तुम्हाला आत घेतलेलं असतं, पण त्याने दिलेली कुकी ब्राउझरने ठेवलीच नाही, म्हणून पुढच्या पानावर तुम्ही परके. आयफोनच्या सफारीत ‘सगळ्या कुकीज ब्लॉक करा’ हा पर्याय हौसेने चालू केला की हेच होतं.

बंद करा फक्त थर्ड पार्टी कुकीज. सफारी मार्च 2020 पासून त्या आपणहून अडवतं. फायरफॉक्स जून 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या कप्प्यात ठेवतं. क्रोमवाल्यांना मात्र हात चालवावा लागतो. गूगलने 2020 मध्ये या कुकीज काढून टाकण्याची घोषणा केली, तारखा पुढे ढकलल्या आणि जुलै 2024 मध्ये बेत सोडून दिला. त्यामुळे सेटिंग्जमधल्या गोपनीयता आणि सुरक्षा विभागात जाऊन त्या स्वतः ब्लॉक करा. नंतर एखादा व्हिडिओ किंवा दुसऱ्या खात्याने लॉगिन करायचं बटण अडलं, तर त्या एकाच साइटला सूट द्या.

दर थोड्या दिवसांनी सगळं साफ करणं

हे केलं की स्वच्छ वाटतं, पण पदरात फारसं काही पडत नाही. सगळीकडून लॉगआउट होता. कुकीजची परवानगी विचारणाऱ्या बॅनरला ‘नकार’ म्हणून दिलेलं उत्तरही कुकीतच ठेवलेलं असतं. ते पुसलं गेलं की तेच बॅनर पुन्हा दारात. आणि ज्या खात्यात लगेच परत लॉगिन करता, त्या कंपनीला तुम्ही कोण ते पुन्हा कळतंच. पहिल्या तक्रारीचं उत्तर बहुधा इथेच असतं: कुकी गेली, खातं राहिलं. तिथे त्या खात्याच्या जाहिरात सेटिंग्जमध्ये जाऊन वैयक्तिक जाहिराती बंद कराव्या लागतात.

साफसफाई करायचीच तर एकेका साइटची करा. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावरून त्या साइटचा डेटा काढता येतो. ‘रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज’ अशी 400 क्रमांकाची एरर आली तर तोच उपाय आहे. पण लॉगिनची कुकी चोरीला गेल्याचा संशय असेल, तर आपल्याकडची पुसून चोराकडची रद्द होत नाही. खात्यातून ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ करा.

बॅनरवर भिस्त ठेवणं

‘सगळं स्वीकारा’ ठळक रंगात आणि नकार दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, हा योगायोग नसतो. आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2019 रोजी दिला. स्वीकारण्याइतकं नाकारणं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोंचा दंड केल्याचं जानेवारी 2022 मध्ये जाहीर झालं. तरीही ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’ (‘आमचं रास्त हित आहे’ म्हणत संमतीशिवाय डेटा वापरणं) नावाच्या टॅबमध्ये बटणं चालूच ठेवलेली आढळतात. नकार देताना तेवढा टॅब उघडून बघा. पण घाईत ‘स्वीकारा’ दाबलं गेलं तर जिवाला लावून घेऊ नका: ब्राउझरने थर्ड पार्टी कुकी अडवली असेल, तर बॅनरवरची संमती तिला आत आणू शकत नाही.

चुकीच्या बटणावर विश्वास

इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी खिडक्या बंद केल्या की त्यातल्या कुकीज जातात, इतकंच. आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) साइटला दिसतोच, आणि आत लॉगिन केलंत तर सगळंच दिसतं.

‘माझा माग काढू नका’ असं साइटला सांगणारं ब्राउझरचं ‘डू नॉट ट्रॅक’ बटण तर कधीच मोडीत निघालं. बहुतेकांनी ते मानलंच नाही आणि त्याचं मानक ठरवणारा गट 2019 मध्ये गुंडाळला गेला. त्याऐवजी ‘माझा डेटा विकू नका’ असं साइटला कळवणारं ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ चालू करा. फायरफॉक्स आणि ब्रेव्ह या ब्राउझरमध्ये ते आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ते मानणं कंपन्यांना भाग आहे.

अॅप्स हा वेगळाच कारभार. तिथे तुमचा माग जाहिरात आयडीवरून, म्हणजे फोनला दिलेल्या ओळख क्रमांकावरून निघतो. अँड्रॉइडवर तो काढून टाकता येतो. आयफोनवर आयओएस 14.5 पासून अॅपला आधी परवानगी मागावी लागते. कुकीशिवायही स्क्रीन, फॉन्ट, टाइमझोन यांच्या मेळावरून ब्राउझर ओळखता येतो. एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी जादा साधनं) वाढली की तो आणखी वेगळा उठून दिसू शकतो, म्हणून त्यांची भरती करू नका. जाहिराती आणि माग काढणारे अडवणारा चांगला ब्लॉकर एकच पुरे. दोन-तीन एकदम लावले की पानं मोडतात आणि दोषी कोण ते कळत नाही.

पान मोडलंच तर ते आधी इन्कॉग्निटोत उघडा. तिथे चाललं तर दोष जुन्या कुकीचा किंवा एक्सटेन्शनचा, कारण क्रोममध्ये तिथे एक्सटेन्शन सहसा बंद असतात. त्या साइटचा डेटा काढा, मग एक्सटेन्शन एकेक करून बंद करा. तरीही लॉगिन टिकत नसेल तर उपकरणाची तारीख-वेळ बघा. घड्याळ पुढे गेलेलं असेल तर नवी कोरी कुकीही ब्राउझर मुदत संपलेली समजून टाकून देऊ शकतो.