स्प्लिटभोवतीची भटकंती : या चुका टाळा

एप्रिल उजाडला की ओळखीपाळखीचे लोक मला क्रोएशियाचे बेत पाठवायला लागतात. कुणी पुण्याहून निघणार असतं, कुणी जर्मनीत नोकरीला असतं. बेत मात्र सारखेच : किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहरात चार दिवस, आणि त्यात ह्वार, ब्राच, व्हिस ही बेटं, निळी गुहा, क्रका आणि प्लिटविसे ही धबधब्यांची राष्ट्रीय उद्यानं, मोस्तार, जमलं तर दुब्रोव्हनिकही. या किनाऱ्यावर माझा फार जीव आहे. तो असा पळत पळत पाहिलेला मला बघवत नाही, आणि दर वर्षी त्याच चुका समजावून सांगायचाही आता कंटाळा आलाय. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

बेटाचं नाव बघून तिकीट काढणं

ह्वार हे बेटाचं नाव आहे आणि त्या बेटावरच्या एका गावाचंही. स्प्लिटहून गाड्या घेऊन जाणारी मोठी फेरी सुमारे दोन तासांत स्टारी ग्राड या बंदराला लागते. ह्वार गाव तिथून २० किलोमीटर पुढे. ह्वार गावच्या धक्क्याला थेट जाते ती कॅटामरान, म्हणजे वेगवान प्रवासी बोट. ती तासाभरात पोहोचते, पण त्यात फक्त माणसं, गाडी नाही. गेटवेहून सुटणारी ‘अलिबागची बोट’ मांडव्याला सोडते, तसाच हा प्रकार. ब्राचचंही तेच. फेरी ५० मिनिटांत सुपेतारला नेते. ज्या झ्लात्नी रातच्या फोटोसाठी लोक निघालेले असतात, तो किनारा बोल गावाजवळ, बेटाच्या पार दुसऱ्या बाजूला आहे.

याहून मोठा घोळ गाडीवाल्यांचा होतो. श्टुटगार्टचं एक मराठी कुटुंब, दोन लहान मुलं, भाड्याची गाडी, ह्वार गावात खोली घेतलेली. स्प्लिटच्या बंदरात गाड्यांची रांग बघून ते वैतागले. फोनवरच्या नकाशाने दुसरी वाट सुचवली : किनाऱ्याने दक्षिणेला द्र्वेनिकपर्यंत जा, तिथून सुचुरायला जाणारी छोटी फेरी घ्या, जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. कागदावर फारच छान. पण सुचुराय हे बेटाचं पूर्वेचं टोक आणि ह्वार गाव पश्चिमेला. मधला रस्ता ८० किलोमीटरच्या आसपास, अरुंद, सतत वळणांचा, काही ठिकाणी कठडासुद्धा नाही. अंधार पडलेला, धाकट्याला उलट्या, समोरून गाडी आली की एकाने मागे सरायचं. रात्री अकराला पोहोचले, तर जुन्या गावात गाडी नेता येत नाही. ती लांब लावून बॅगा दगडी पायऱ्यांवरून उचलून न्याव्या लागल्या. पुढचे दोन दिवस गाडी नुसती उभी होती.

मी बेटावर गाडी नेतच नाही. कॅटामरानचं तिकीट ठरावीक वेळेचंच असतं, ते उन्हाळ्यात आधी काढते आणि बेटावर बसने फिरते. गाडी न्यायचीच असेल, तर नुसत्या तिकिटावर विसंबू नका. गाडीला रांगेत लागावं लागतं, आणि जहाज भरलं की पुढच्याची वाट पाहावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये सुटण्याच्या दोन तास आधी धक्क्यावर असणं बरं.

आणि स्टारी ग्राडला उतरलात, तर पहिली बस पकडून पळू नका. इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये ग्रीकांनी इथे फारोस वसवलं आणि मागच्या सपाट जमिनीचे आखीव तुकडे पाडले. दगडी बांधांनी आखलेली ती शेतं अजून तशीच आहेत, अजूनही त्यांत द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात. २००८ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. सायकल भाड्याने घ्या, सकाळी निघा, बांधाबांधाने फिरा. ह्वार गावच्या गजबजलेल्या धक्क्यापेक्षा मला ही शेतं कितीतरी जास्त आवडतात.

एका दिवसात पाच बेटं

स्प्लिटच्या धक्क्यावर पावलापावलावर हीच पाटी. सकाळी लवकर स्पीडबोट निघते, बिशेवोवरची निळी गुहा, व्हिसची स्तिनिवा खाडी, आणखी दोन-तीन थांबे, शेवटी ह्वार, आणि संध्याकाळी परत. बिशेवो हे व्हिसच्याही पलीकडे आहे. म्हणजे दिवसाचा मोठा भाग तुम्ही हेलकावे खात बसलेले असता, आणि प्रत्येक जागी मिळतं ते थोडकं.

माझी एक मैत्रीण सासूबाईंना घेऊन अशीच गेली. सासूबाई पासष्टीच्या, कंबरेचा जुना त्रास. आदल्या संध्याकाळपासून युगो नावाचा वारा सुटला होता. मी फोन करून म्हटलं, “अगं, उद्याचं रद्द कर.” ती म्हणाली, “तिकीट विकणारा म्हणतोय, हवा चांगली आहे. पैसे भरलेत, आणि आई एवढ्या लांबून आल्यात.” व्हिसच्या खाडीतून बाहेर पडल्यावर बोट लाटेवरून लाटेवर आदळायला लागली. बिशेवोला गेल्यावर कळलं, गुहा बंद आहे. सासूबाई बोटीचा कठडा घट्ट धरून डोळे मिटून बसल्या होत्या. स्प्लिटचे उरलेले दिवस त्यांनी खोलीत पडून काढले.

हे टाळता येण्यासारखं होतं. युगो हा आग्नेयेचा दमट वारा. तो इथल्या एड्रियाटिक समुद्राच्या लांबीने वाहतो, त्याला मोकळा समुद्र मिळतो, म्हणून एक-दोन दिवसांत लाटा वाढत जातात. निळ्या गुहेचं तोंड इतकं बुटकं आहे की छोट्या होडीतसुद्धा मान खाली घालून आत जावं लागतं. ते तोंडही मूळचं नाही, १८८४ मध्ये सुरुंग लावून मोठं केलेलं आहे. थोडी लाट आली की होड्या बंद होतात, आणि त्या बंद होतात तेच योग्य आहे. दुसरा वारा बुरा : ईशान्येचा, थंड, डोंगरावरून झोतांनी समुद्रावर कोसळणारा. आकाश निळंशार असतं आणि कॅटामरान रद्द झालेली असते. दुपारचा माएस्त्राल हा मात्र उन्हाळ्यातला सुखाचा वारा.

क्रोएशियाच्या हवामान खात्याचा समुद्रासाठीचा अंदाज रोज येतो. मी तो आदल्या रात्री बघते, सकाळी पुन्हा बघते, आणि युगो असेल तर बेत बदलते. निळी गुहा बघायचीच असेल, तर व्हिसवर कोमिझा गावात दोन रात्री राहा. तिथून बिशेवो जवळ आहे. समुद्र शांत असलेल्या सकाळी उठून जा. पाण्याखालच्या फटीतून आत येणारा प्रकाश साधारण अकरा ते बाराच्या दरम्यान सगळ्यात सुंदर असतो. गुहा बंद राहिलीच, तरी व्हिस हातात आहे. युगोस्लाव लष्कराचा तळ असल्यामुळे ते १९८९ पर्यंत परदेशी पाहुण्यांना बंद होतं, म्हणून तिथे मोठी हॉटेलं उभी राहिली नाहीत. तसं शांत बेट या पट्ट्यात दुसरं नाही.

एकदाच प्रवेशाचा व्हिसा आणि मोस्तार

हे भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी, आणि गंभीरपणे घ्या. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. मोस्तार बोस्नियात आहे, शेंगेनच्या बाहेर. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर सीमा ओलांडताच तो संपला. त्यावर स्प्लिटला परत येता येत नाही. सहल विकणारे हे विचारतीलच असं नाही. दुब्रोव्हनिकला जाताना २०२२ मध्ये सुरू झालेल्या पेल्येशाच पुलावरून गेलात, तर बोस्निया लागत नाही. पण काही बस अजून नेउम गावामार्गे म्हणजे बोस्नियातून जातात. तिकीट काढण्याआधी मार्ग विचारा.

बाकीच्या चुका

क्रकाच्या धबधब्याखाली पोहणाऱ्यांचे फोटो जुने आहेत. स्क्रादिन्स्की बुक या तिथल्या मुख्य धबधब्याला २०२१ पासून पोहायला बंदी आहे, कारण चुनखडीचे ते बांध अजून घडतायत आणि पायांनी झिजतात. प्लिटविसेलाही पोहता येत नाही.

प्लिटविसे स्प्लिटहून एका दिवसात करू नका. एकेका बाजूला अडीच-तीन तास जातात, तिकिटावर प्रवेशाची वेळ असते, आणि दिवसभराच्या सहली नेमक्या गर्दीच्या वेळी पोहोचतात. जवळ मुक्काम करा, सकाळी पहिल्या तासात आत जा.

झ्लात्नी रातसकट बहुतेक किनारे वाळूचे नाहीत, गोट्यांचे आहेत, आणि खडकांत समुद्री साळू असतात. रबरी बूट घ्या.

बियोकोव्हो डोंगरावरच्या काचेच्या सज्जाची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. वर जाणारा रस्ता एका गाडीपुरता आहे; घाटात गाडी चालवायची सवय नसेल, तर स्वतः चालवत जाऊ नका.

शाकाहारी मंडळी चार दिवस पिझ्झा खातात. बाजारात सोपार्निक मागा : पातळ पोळीच्या दोन थरांत ब्लित्वा म्हणजे चार्डची पालेभाजी आणि कांदा, वरून लसूण आणि ऑलिव्ह तेल. काळा रिसोत्तो हा भात मात्र माखलीच्या शाईचा असतो.

स्प्लिटशेजारच्या सोलिनला कुणी जातच नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. शहराच्या बसने जाता येतं. तिथली सालोना ही रोमन साम्राज्याच्या डाल्माशिया प्रांताची राजधानी. सातव्या शतकात ती पडली, तेव्हा तिथले लोक रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या ओस पडत चाललेल्या राजवाड्यात आसऱ्याला आले, आणि आजचं स्प्लिट तिथून वाढलं. सावली जवळपास नाही, म्हणून सकाळी आठला निघा, पाणी घ्या, आधी पश्चिमेच्या टोकाचं अँफिथिएटर बघा आणि मग तटाच्या कडेने मागे या.