मोटरसायकलची काळजी घेताना होणाऱ्या या चुका टाळा

मे महिना होता. परभणीहून जिंतूरला निघालो होतो, मागं आई बसलेली. निघण्याआधी मी दोन्ही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. लहानपणापासून ऐकत आलो होतो की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर तापून फुटतो. बोरीच्या अलीकडं मागचं चाक एकदम झोले खायला लागलं. ब्रेक न मारता कशीबशी गाडी कडेला घेतली. आईचा हात माझ्या खांद्यावर घट्ट रुतला होता.

गाडी ढकलत पंक्चरच्या दुकानापर्यंत नेली. तिथल्या मामांनी ट्यूब बाहेर काढून माझ्या हातात दिली. पंक्चर कुठंच नव्हतं. व्हॉल्व्ह मुळापासून अर्धा फाटला होता. "हवा सोडली होती का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "हवा कमी असली की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो. व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला. मग तो फाटणारच की."

त्या दिवसापासून मी गाडीकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. आपल्याकडं गाडीची आबाळ होते हे खरंच आहे. पण कितीतरी बिघाड आपण काळजी म्हणून जे करतो त्यातून होतात. आणि ज्या दोन-चार गोष्टींवर जीव अवलंबून असतो, त्यांच्याकडं मात्र लक्ष जात नाही.

हवेचा हिशेब

टायरला खरी झळ लागते ती कमी हवेमुळं. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि त्या दबण्यानंच आतून तापत जाते. वर आपल्याकडचा ४२-४३ अंशांचा पारा आणि खाली तापलेलं डांबर. धावताना हवेचा दाब थोडा वाढतो, हे धरूनच कंपनीनं आकडा ठरवलेला असतो. म्हणून हवा थंड टायरमध्ये तपासायची, सकाळी गाडी काढताना किंवा जवळच्या पंपावर गेल्या गेल्या. दहा-वीस किलोमीटर पळवून आल्यावर मीटर जास्त दाखवतो म्हणून हवा सोडू नका.

आकडा किती, हे ज्याच्या त्याच्या गाडीवर लिहिलेलं असतं. चेन कव्हरजवळ किंवा मागच्या चाकाच्या आर्मवर स्टिकर असतो. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढं २५ पीएसआयच्या आसपास लागते. मागं मात्र एकट्यासाठी वेगळा आणि डबलसीटसाठी वेगळा आकडा असतो, आणि त्या दोहोंत बराच फरक असतो. आपली गाडी एकट्यानं चालतेच कुठं? मागं माणूस, मध्ये लेकरू, कधी युरियाची ४५ किलोची गोणी, कधी दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन. तरी पंपावर आपण "मागं तीस मार" म्हणून मोकळे होतो. ओझ्याचा आकडा वाचा आणि तोच सांगा.

ट्यूबवाल्या गाडीची एक खूण रोज दिसते. व्हॉल्व्ह रिममधून सरळ बाहेर आलेला हवा. तो एका अंगाला कलला असेल तर टायर सरकायला लागलाय. तेव्हाच चाक उतरवून ट्यूब नीट बसवून घ्या, प्रवासाला निघू नका. टायरची झीज बघायला नाणंबिणं लागत नाही. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा बारका त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत नक्षीच्या खोबणीत एक बारीक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला भिडली की टायर संपला. "अजून एक पावसाळा निघेल" म्हणणाऱ्यांना ओल्या काळ्या मातीचा पातळ थर डांबरावर पसरल्यावर काय होतं ते मी सांगायला नको.

चेन: सगळ्यात जास्त चुका इथं

पहिली चूक जळक्या ऑइलची. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल बाटलीत भरून ठेवायचं आणि चेनवर ओतायचं, ही घराघरातली सवय आहे. त्या ऑइलात इंजिन झिजून निघालेला धातूचा बारीक कीस असतो, आणि ते पातळ असल्यामुळं उडून टायरवरही येतं. त्यावर आपल्या रस्त्याची धूळ बसली की चेनवर पॉलिश पेपर घासल्यासारखं काम सुरू होतं. चेन आधी केरोसीनमध्ये बुडवलेल्या फडक्यानं पुसा, कोरडी होऊ द्या, मग चेन ल्यूब किंवा चांगलं गिअर ऑइल आतल्या बाजूनं थोडंच लावा, आणि जास्तीचं पुसून टाका. साधारण ५०० किलोमीटरला एकदा. चिखलातून किंवा पावसातून आल्यावर त्याआधीच.

दुसरी चूक बोटं घेणारी आहे. गाडी मेन स्टँडवर लावायची, इंजिन चालू ठेवून पहिला गिअर टाकायचा आणि फिरत्या चेनला फडकं लावायचं. फडकं चेन आणि चक्रीच्या मध्ये ओढलं गेलं की हात सोडवायला वेळ मिळत नाही. इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, चाक हातानं फिरवा. घरातल्या पोरांना हे आवर्जून सांगा, कारण ती आपलं बघून शिकतात.

तिसरी चूक, चेन ताणून बांधणं. चेनचा आवाज आला की "जरा घट्ट कर" म्हणतो आणि मिस्त्री करून देतो. पण दोन माणसं बसली की मागचा शॉकअप दबतो आणि चेन आणखी ताणली जाते. चेनला ढिलाईच नसेल तर सगळा ताण बेअरिंगवर आणि चक्रीवर येतो. खालच्या बाजूनं मधोमध बोटानं वर-खाली करून बघा. साधारण २० ते ३० मिलिमीटर हललीच पाहिजे. चाक थोडं थोडं फिरवत तीन-चार जागी बघा. एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ लागत असेल तर चेन असमान ताणली आहे, आता ती दुरुस्त होत नाही. बदलताना चेन आणि दोन्ही चक्र्या एकदम बदला. झिजलेल्या चक्रीवर नवी चेन टाकली तर तीही लवकरच जाते. आणि चेन सेट केल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, मागच्या ब्रेकचा खेळ तोच आहे ना, हे दुकानातून निघण्याआधी बघा.

डिझेल मारून चकचकीत

सर्व्हिसिंगला गाडीवर डिझेलचा फवारा मारल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. गाडी चमकते खरी. पण ते डिझेल रबराच्या नळ्या आणि सील खराब करतं, आणि मागच्या ड्रमच्या फटीतून किंवा पुढच्या डिस्कवर गेलं तर ब्रेक धरत नाही. धुऊन आणल्यावर पहिल्या चौकात ब्रेक लागला नाही असं कितीतरी जण सांगतात. साबणाच्या पाण्यानं धुवा. इंजिन थंड झाल्यावर धुवा. पाण्याचा जोराचा झोत चाकाच्या बेअरिंगवर, स्विचवर आणि एअर फिल्टरच्या तोंडावर मारू नका. धुऊन झालं की मोकळ्या जागेत हळू चालवत दोन्ही ब्रेक चार-पाचदा दाबून वाळवून घ्या.

एअर फिल्टरचंही तेच. बऱ्याच गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर येतो. तो हवेच्या पाइपनं फुंकला किंवा पेट्रोलनं धुतला की निकामी होतो, नवाच टाकावा लागतो. फोमचा असेल तर धुता येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यानं रोज शेतात जाणाऱ्यानं पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट बघू नये. सायलेन्सरमधून काळा धूर आणि पिकअप कमी असेल तर आधी फिल्टर उघडून बघा.

ऑइल

कारचं उरलेलं ऑइल मोटरसायकलमध्ये टाकू नका. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं क्लच प्लेटा घसरतात. इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, ही त्याची खूण. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघूनच घ्या. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, इंजिनमधली घाण धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पातळी मात्र महिन्यातून दोनदा बघा. गाडी मेन स्टँडवर सरळ हवी, साइड स्टँडवर बघितलं तर चुकीची दिसते. निळसर धूर आणि पातळी खाली, असं दोन्ही एकदम दिसलं तर मिस्त्रीकडं जायला उशीर करू नका.

ब्रेकची भीती चुकीच्या जागी

"पुढचा ब्रेक मारला की गाडी पलटी होते" हे ऐकून मोठे झालेले लोक आयुष्यभर फक्त पायानं ब्रेक मारतात. कोणी कोणी तर पुढच्या ब्रेकची केबल सैल करून घेतात. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढं येतो, म्हणून गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचंच चाक करतं. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना पाय दाबला की पुढचाही ब्रेक थोडा लागेल अशी रचना, आणि त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, बंधनकारक झालं. ती केबल सैल करून ही सोय घालवू नका.

ड्रम ब्रेकला बाहेर एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेला भिडला की लायनर संपले. नट आवळत राहून उपयोग नाही. डिस्कच्या डबीत ब्रेक ऑइल खाली गेलं असेल तर आधी पॅड बघा. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते.

मांजरसुंबा किंवा औट्राम घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे मी पाहिलेत. सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर ढिला पडतो. ज्या गिअरमध्ये चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

रात्रीचा रस्ता आणि ऊस

दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. कित्येकांना मागं लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर धुळीनं झाकलेला. अशा वेळी आपला हेडलाइट आभाळाकडं तोंड करून असेल तर ट्रॉली जवळ आल्यावरच दिसते. मागं ओझं बसलं की गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइटही. घरासमोरच्या भिंतीवर, मागं माणूस बसवून, डिपरचा उजेड कुठं पडतो ते बघा आणि स्क्रूनं खाली घ्या. भिंतीकडं पाठ करून दोन्ही ब्रेक एकेक दाबून मागचा दिवा पेटतो का तेही बघा. पायाच्या ब्रेकचा स्विच बऱ्याचदा नुसता सरकलेला असतो, मिस्त्री तिथल्या तिथं नीट करून देतो.

२०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्या

एप्रिल २०२० पासून बीएस६ हे धुराचे नवे नियम आले आणि कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. जुन्या सवयी मात्र राहिल्या. पन्नास रुपयांचं पेट्रोल टाकून टाकी कायम तळाला ठेवू नका. इंजिनला पेट्रोल पाठवणारा पंप टाकीच्या आतच असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. बॅटरी पूर्ण बसली तर किक मारूनही या गाड्या सहसा सुरू होत नाहीत. स्टार्टर जड ओढायला लागला की तिकडंच लक्ष द्या. इंजिनचा पिवळा दिवा गाडी सुरू झाल्यावरही जळत राहिला तर स्कॅनर असलेल्या ठिकाणी दाखवा. वायरी उपटून बघू नका.

पावसाळ्यात मडगार्डमध्ये काळा चिखल गच्च बसून चाक अडलं तर रेस देऊन ओढू नका, क्लच जळतो. खाली उतरा आणि काडीनं चिखल काढा.

निघताना

साइड स्टँड. वर घेतला का, एवढंच. डावीकडं वळताना तो जमिनीला टेकला की गाडी हातात राहत नाही.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, आणि हनुवटीखालचा बंद लावलेला. बंद न लावलेलं हेल्मेट पडताना डोकं आपटायच्या आधीच उडून जातं.

मागच्या चाकाची साडीगार्ड जाळी. ती ऐच्छिक नाही, मोटार वाहन नियमांतच सांगितलेली आहे. तरी गाडी देखणी दिसावी म्हणून पोरं ती काढून टाकतात. पदर किंवा ओढणी चाकात गेली की माणूस मागं ओढला जातो, आणि पुढच्याला ते कळायच्या आत सगळं होऊन जातं. माझ्या गाडीची जाळी एका बाजूनं सुटली होती. महिनाभर मी ती तारेनं बांधून चालवली, आणि बोरीच्या त्या दुकानात मामांनी व्हॉल्व्हच्या आधी बोट ठेवलं ते त्या तारेवर. नवा नटबोल्ट त्यांनीच बसवून दिला. आई आता बसल्यावर पदर कमरेला खोचते, हातानं एकदा चाचपते आणि माझ्या पाठीवर थाप मारते. ती थाप पडल्यावरच मी गिअर टाकतो.