सोसायटीचे मैदान महापालिकेकडे द्यावे का? निर्णय घेण्याची रीत

एप्रिल उजाडला, बोअरचे पाणी खोल गेले आणि मैदानाच्या कडेची झाडे माना टाकू लागली, की सोलापुरातल्या अनेक सोसायट्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता हे मैदान महापालिकेलाच देऊन टाकू." ही मागणी गैर नाही. मात्र जमिनीची मालकी, मैदानाची देखभाल आणि ते वापरण्याचा हक्क या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि घाईत लिहिलेल्या एका अर्जात त्या तिन्ही एकदम हातातून जातात. बहुतेक वसाहतींनी देखभाल लेखी कराराने द्यावी आणि मालकी आपल्याकडेच ठेवावी, असे माझे मत आहे. त्या मतापर्यंत मी कसा आलो आणि तुम्ही तुमचा निर्णय कसा पारखून घ्यावा, ते पुढे सांगतो.

सुरुवात कागदांपासून करावी. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक, ते तयार झालेले नसेल तर सात-बारा उतारा, आणि महापालिकेच्या नगररचना विभागातून मंजूर रेखांकनाची (लेआउटची, म्हणजे जमिनीचे भूखंड पाडलेल्या नकाशाची) प्रत व विकास आराखड्याचा, म्हणजे शहराच्या नियोजनाच्या आराखड्याचा, भाग नकाशा मिळवावा. कागद मिळण्यास अडचण आली तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हे कागद शेजारी शेजारी ठेवले, की तुमचे मैदान नेमके कोणत्या प्रकारचे आहे ते कळते, आणि पुढचा सगळा मार्ग त्यावरच ठरतो.

मैदान रेखांकनातील खुली जागा असेल, तर ते साऱ्या भूखंडधारकांच्या सामाईक उपयोगासाठी राखलेले असते. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात १० टक्के जागा अशी मोकळी सोडावी लागते, आणि ती विकता किंवा मनाप्रमाणे दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. दिल्लीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली स्पष्ट केले, की रेखांकन मंजूर करताना अशी जागा विनामोबदला आपल्या नावावर करून देण्याची सक्ती पालिका जमीनमालकावर करू शकत नाही. लोकांच्या हितासाठी तिची राखणदार म्हणून देखरेख मात्र करता येते. "जागा आमच्या नावावर केल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही" असे उत्तर कोणी दिले, तर हा निकाल आदराने पुढे ठेवावा. मैदान विकास आराखड्यातील आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा असेल, तर प्रश्न संपादनाचा होतो. तेथे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम १२६ लागू होते, म्हणजे मोबदला रोख, हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा भूसंपादन या वाटांनी मिळतो. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन झाले नाही आणि मालकाने कलम १२७ खाली नोटीस दिल्यावरही २४ महिन्यांत पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षणच संपते. म्हणून अशा मैदानाचे वापरकर्ते असाल तर तारखा वहीत लिहून ठेवा.

दुसरा हिशेब पाण्याचा, आणि सोलापुरात तोच सर्वांत मोठा आहे. येथे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उजनी धरणाचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटर नळातून यावे लागते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला रोज पाच मिलिमीटर धरले, तर एका एकराला दिवसाला सुमारे २०,००० लिटर लागतात. माणशी रोज १३५ लिटरच्या मापाने हे जवळजवळ दीडशे माणसांचे पाणी होते. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे कोणत्याही सार्वजनिक संस्थेने असे हिरवळीचे मैदान पिण्याच्या पाण्यावर चालवू नये, हे मी ठामपणे म्हणेन. आपल्या काळ्या जमिनीवर हिरवळीचा हट्ट सोडून मुरूम टाकलेले, रोलर फिरवलेले मैदान आणि कडेने कडुनिंब व करंज ठेवले, तर खर्च इतका घटतो की कित्येकदा ताबा देण्याची गरजच उरत नाही.

तिसरा मुद्दा पैशांचा. महानगरपालिका अधिनियमात पाणीपुरवठा, मलनिःसारण, दिवाबत्ती ही कलम ६३ खालची बंधनकारक कामे आहेत, तर मैदाने व बागा कलम ६६ मधील स्वेच्छाधीन कामांत मोडतात. तिजोरीत ओढाताण झाली, की कात्री आधी कुठे चालणार हे यावरून उघड आहे.

मग महापालिकेने मैदान घ्यावेच असे कधी म्हणावे? जेव्हा ते वसाहतीबाहेरच्या लोकांच्याही उपयोगाचे असते तेव्हा. संध्याकाळी मंडळांची पोरे लेझीमचा सराव करतात, पहाटे आजूबाजूच्या गल्ल्यांतले ज्येष्ठ फिरायला येतात, शाळांचे कबड्डीचे सामने भरतात, आणि खर्च मात्र चाळीस घरे भरतात. अशा ठिकाणी शहराने भार उचलणेच न्यायाचे आहे. सगळे किंवा काहीच नाही, असा हट्ट तेव्हाही धरू नये. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ साली संपला. २०२४ मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेकडे आले आणि ९१ एकर भाडेपट्ट्याने रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबकडेच राहिले. मैदान महापालिकेकडे आणि बोअर, हॉल सोसायटीकडे, अशी वाटणी आपल्याकडेही करता येते.

आता करारनामा. आमच्या सोसायटीच्या समितीने पूर्वी महापालिकेला दिलेल्या पत्रात "मैदान देखभालीसाठी सुपूर्द करीत आहोत" एवढेच होते. बोअरच्या मोटारीचे वीज मीटर सोसायटीच्या नावावर राहिले, बिल कोणी भरायचे ते आम्ही लिहिलेच नव्हते, आणि थकबाकीमुळे ऐन मे महिन्यात वीज तुटली. बायकांनी घरून कळशीने पाणी आणून रोपे जगवण्याची शिकस्त केली, तरी बावीसपैकी सातच वाचली. ती चूक आमच्या पत्राची होती. म्हणून करारात मीटर कोणाच्या नावे, पाण्याचा स्रोत कोणता, माळी आणि रखवालदार कोण नेमणार, मंडप व सभांना परवानगी कोण देणार, प्रवेश विनामूल्य राहणार का, आणि देखभाल न झाल्यास किती दिवसांच्या नोटिशीने मैदान परत मिळणार, हे शब्दांत लिहून घ्यावे.

करारापूर्वी विशेष सर्वसाधारण सभा बोलावून ठराव करावा, त्यात विरोधी मतेही नोंदवावीत. अर्ज दिवाळीपूर्वी आयुक्तांच्या नावे द्यावा व प्रत उद्यान विभागाला द्यावी, कारण १ एप्रिलपासूनच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यातच सुरू होते आणि तरतुदीवाचून घेतलेला ताबा कागदावरच राहतो. हस्तांतराच्या दिवशी हद्दीची मोजणी, झाडांची संख्या, मीटरचे वाचन आणि कुंपणाची छायाचित्रे पंचनाम्यात घ्यावीत, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावर एक प्रत सोसायटीच्या दप्तरी लावावी, आणि फाटकाची दुसरी किल्ली वॉचमनकडे राहील हेही त्यातच लिहावे.