तमिळ गुन्हेतपासाचा चित्रपट कसा पाहावा

गुन्हेतपासाचा तमिळ चित्रपट नाशिकमध्ये घरी बसून पाहायचा असेल, तर हिंदी ध्वनीचा पर्याय बाजूला ठेवून मूळ तमिळ ध्वनी आणि उपशीर्षके निवडावीत. अशा चित्रपटांतील अर्धा तपास चौकशीच्या खोलीत घडतो. तेथे साक्षीदाराचा अडखळलेला शब्द किंवा वरिष्ठाला ‘अय्या’ म्हणताना हवालदाराचा उतरलेला आवाज जे सांगून जातो, ते दुसऱ्याच कलाकाराने भरलेल्या आवाजात सहसा उरत नाही.

उपशीर्षके मात्र बहुधा बोललेल्या शब्दांपुरतीच असतात. वहीचे पान, वर्तमानपत्राचे कात्रण किंवा दुकानाची पाटी यांचा अर्थ अनेकदा दिलेला नसतो, म्हणून असे दृश्य येताच चित्रपट थांबवून निदान आकडे वाचावेत. तारखा आणि वाहनांचे क्रमांक आपल्या ओळखीच्या अंकांत असतात. एमएच 15 पाहिले की आपल्याला नाशिक कळते, तसे टीएन 45 म्हणजे तिरुचिरापल्ली हे ठाऊक असेल, तर संशयिताची गाडी कोठून आली याचा अंदाज पोलिसांच्या आधी बांधता येतो.

नावांबाबत आपली सवय आवर्जून बदलावी लागते. आडनावावरून नाते जुळवण्याची रीत तेथे चालत नाही, कारण तमिळनाडूत बहुतेकांना आडनाव नसून नावापुढे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. त्यामुळे सख्ख्या भावंडांचे आद्याक्षर एक असते, पण बाप आणि मुलगा यांचे वेगळे असू शकते, आणि विवाहित स्त्री अनेकदा पतीच्या नावाचे आद्याक्षर लावते. संशयितांची यादी पडद्यावर आली की हे आठवावे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती टिपणवही. तिच्या पानाचे तीन भाग करावेत: कॅमेऱ्याने आपल्याला प्रत्यक्ष दाखवलेले, कोणीतरी जबाबात सांगितलेले आणि तपासी अंमलदाराने त्यावरून काढलेले अनुमान. चांगला दिग्दर्शक प्रेक्षकाला फसवतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या भागातील गोष्ट पहिल्या भागात सरकवून, म्हणजे एखाद्याच्या सांगण्याचेच दृश्य करून. 2016 सालच्या ‘धुरुवंगल पदिनारु’मध्ये निवृत्त पोलीस अधिकारी आपल्या जुन्या प्रकरणाची हकिगत सांगतो, तेव्हा पडद्यावरचा बराचसा भाग हे त्याचे कथन आहे, याचा विसर पडू देऊ नये. नवख्या प्रेक्षकाने मात्र 2023 सालच्या ‘पोर तोळिल’पासून सुरुवात करावी, त्यातील अनुभवी अधिकारी आणि नवा उपअधीक्षक यांच्या मतभेदांतून पुरावा कसा तोलायचा, हे आपोआप समजत जाते.

आरोपीने मध्यातच गुन्हा कबूल केला, तर वही मिटू नये. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आपल्या कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. 1872 च्या पुरावा अधिनियमाच्या 25व्या कलमातील ही तरतूद 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 23व्या कलमात आहे. कोठडीतील आरोपीच्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर त्या वस्तूशी थेट संबंधित तेवढाच भाग ग्राह्य धरता येतो. म्हणून कबुलीनंतर पाहायचे ते हे, की पंचनामा झाला का आणि मुद्देमाल कोठून मिळाला.

याच ठिकाणी कोठडीतील मारहाणीकडे सावधपणे पाहावे. पुष्कळ चित्रपट ती झटपट न्याय म्हणून रंगवतात, आणि पार्श्वसंगीताच्या भरात आपणही टाळ्या वाजवतो. 2020 साली तूत्तुकुडी जिल्ह्यातील सात्तानकुळम येथे पोलिसांच्या मारहाणीनंतर पिता-पुत्रांचा मृत्यू झाला, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला अशा प्रसंगी हात आवरावासा वाटेल. आपल्या नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे आणि अनेक घरांत निवृत्त पोलीस आहेत; त्यांपैकी कोणाला सोबत बोलावले, तर तपासाची कोणती पायरी चित्रपटाने गाळली, हे त्या जागीच विचारता येईल.

मध्यंतराची पाटी हे चित्रपट सहसा मोठ्या कलाटणीवर आणतात. चहा ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने आपला संशयित आणि त्यामागचे कारण लिहून ठेवावे. नुसते नाव लिहिणे पुरेसे नाही. शेवट झाल्यावर पहिली वीस मिनिटे पुन्हा लावावीत आणि वहीच्या दुसऱ्या भागात लिहिलेले कोणते वाक्य खोटे ठरले, त्यावर खूण करावी.